रांग कोणी मोडायची?

२५ एप्रिल १९७३. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांत सांगितलं गेलं की न्यायमूर्ती अजितनाथ रे देशाचे नवे सरन्यायाधीश होणार. ऐकायला साधी बातमी. पण सर्वोच्च न्यायालयातल्या ज्येष्ठतेच्या यादीत रे पहिले नव्हतेच. त्यांच्या वर तिघं होते: जे. एम. शेलत, के. एस. हेगडे आणि ए. एन. ग्रोव्हर. मावळते सरन्यायाधीश एस. एम. सिक्री यांनाही सरकारने विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रे यांचा शपथविधी झाला आणि डावलल्या गेलेल्या तिघांनीही राजीनामे दिले.

ही गोष्ट मला बरीच वर्षं अगदी सोपी वाटायची. एका बाजूला इंदिरा गांधींचं सरकार, दुसऱ्या बाजूला ताठ कण्याचे तीन न्यायाधीश. कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे ठरवायला विचार करावा लागत नाही. पुढे १९७८ सालचं प्रकरण वाचनात आलं आणि तो सोपेपणा गेला. पण आधी १९७३ नीट बघू.

रेडिओवरच्या बातमीच्या आदल्याच दिवशी, २४ एप्रिलला, केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला होता. तेरा न्यायाधीशांचं खंडपीठ, ६८ दिवस चाललेली सुनावणी आणि सात विरुद्ध सहा असा काठावरचा कौल. संसद राज्यघटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असं सात जणांनी म्हटलं. निकालाचा सारांश म्हणून जो कागद तयार झाला त्यावर तेरापैकी नऊच सह्या आहेत. रे यांची सही त्यावर नाही.

सरकार आणि न्यायालय यांची त्याआधी सहा वर्षं जुंपलेली होती. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात न्यायालयाने सांगितलं, मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. १९७० मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द केला. त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद करणारा राष्ट्रपतींचा आदेशही फेटाळला. मग १९७१ ची निवडणूक आली. 'गरिबी हटाव' म्हणत इंदिराबाईंनी प्रचंड बहुमत मिळवलं आणि घटनादुरुस्त्यांचा धडाका सुरू झाला. बँकांच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी फक्त एकाने सरकारच्या बाजूने निकाल दिला होता. ते रे. तनख्यांच्या खटल्यातही ते सरकारच्या बाजूच्या अल्पमतात होते आणि केशवानंदमध्येही. शेलत, हेगडे, ग्रोव्हर मात्र तिघंही सातांच्या बाजूला. योगायोग म्हणायचा तर तो फारच मोठा म्हणावा लागेल.

लोकसभेत यावर जी चर्चा झाली तिचं इतिवृत्त आज स्कॅन करून नेटवर टाकलेलं आहे. फोनवर झूम करकरून वाचावं लागतं, पण वाचण्यासारखं आहे. कायदामंत्री होते ह. रा. गोखले, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. पण सरकारची बाजू खरी लढवली ती पोलादमंत्र्यांनी. मोहन कुमारमंगलम हे बॅरिस्टर, एकेकाळचे कम्युनिस्ट आणि तयारीचे वक्ते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: सरन्यायाधीश निवडताना त्याचं तत्त्वज्ञान काय, देशात चाललेल्या बदलांकडे तो कसा बघतो, हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे.

विरोधी बाकांवर गदारोळ झाला. वकिलांच्या संघटनांनी निषेध केला. 'बांधील न्यायव्यवस्था' हा शब्द तेव्हापासून शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

पण ते भाषण मी पुन्हा वाचलं तेव्हा मला कबूल करावं लागलं की त्यातला एक भाग खरा आहे. न्यायाधीशांना मतं असतात. संपत्तीचा हक्क मोठा की जमीनसुधारणा मोठी, या प्रश्नाचं उत्तर निव्वळ कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. कुमारमंगलम यांनी ते उघडपणे बोलून दाखवलं इतकंच. त्यांच्या हातात एक हुकमाचं पानही होतं. १९५८ च्या विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालात स्पष्ट शिफारस होती की सरन्यायाधीश केवळ ज्येष्ठतेवर नेमू नये, गुणवत्ता आणि प्रशासनाची कुवत बघावी. गंमत अशी की त्या आयोगाचे अध्यक्ष होते एम. सी. सेटलवाड, आणि सदस्यांत मुंबईचे एम. सी. छागला आणि खुद्द सिक्रीही होते. आता सेटलवाड आणि छागला रे यांच्या नेमणुकीवर तुटून पडले होते. मंत्र्यांनी त्यांना त्यांच्याच अहवालाचा आरसा दाखवला. त्यांचं उत्तर असं की आम्ही गुणवत्ता म्हटलं होतं, सरकारच्या मताशी जुळणं नव्हे. उत्तर बरोबर आहे. पण गुणवत्ता मोजायची कोणी, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

ज्येष्ठतेची रांग हा घटनेतला नियम नाहीच. तो नुसता पायंडा. पहिले सरन्यायाधीश कानिया १९५१ मध्ये पदावर असतानाच वारले. तेव्हा नेहरूंच्या मनात दुसरं नाव होतं आणि न्यायाधीशांनी राजीनाम्याची भाषा केल्यावर ज्येष्ठ असलेले पतंजली शास्त्री सरन्यायाधीश झाले, असं त्या काळाबद्दलच्या लिखाणात येतं. १९६४ साली रांग एकदा वाकली. ज्येष्ठ असलेले न्या. इमाम आजारी होते, म्हणून प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. आपले साताऱ्याचे. त्यावर फारसं कोणी बोललं नाही, कारण कारण सगळ्यांना दिसत होतं.

१९७३ मध्ये तसं कारण शोधण्याचा प्रयत्न झाला. शेलत जुलैमध्येच निवृत्त होणार होते, हेगडेंना जेमतेम वर्षभर मिळालं असतं, आणि न्यायालयाला स्थैर्य हवं, असा युक्तिवाद होता. पण ग्रोव्हर आणि रे जवळपास एकाच वयाचे होते. दोघांच्या निवृत्तीच्या तारखांत काही आठवड्यांचंच अंतर, आणि आधी निवृत्त होणार होते ते रे. म्हणजे रांग जशीच्या तशी चालली असती, तर रे कधीच सरन्यायाधीश झाले नसते. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा स्थैर्याचा मुद्दा माझ्यापुरता संपला.

कुमारमंगलम महिनाभरानंतर, ३१ मे रोजी, विमान अपघातात गेले. आपल्या तत्त्वज्ञानाचं पुढे काय झालं ते त्यांना बघायला मिळालं नाही.

पुढे आणीबाणी आली. नोव्हेंबर १९७५ मध्ये रे यांनी केशवानंदचा फेरविचार करायला पुन्हा तेरा जणांचं खंडपीठ बसवलं. नानी पालखीवालांनी विरोधात युक्तिवाद केला आणि फेरविचार मागितला कोणी, याचंच धड उत्तर मिळेना. दोन दिवसांत रे यांना खंडपीठ मोडावं लागलं. मग २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल आला. आणीबाणीत ज्याला विनाचौकशी डांबलं आहे त्याला न्यायालयाचं दार ठोठावता येईल का? रे, बेग, चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी सांगितलं, नाही. एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधात निकाल लिहिला. या निकालाची किंमत सरन्यायाधीशपद असेल, हे त्यांनी आधीच आपल्या बहिणीला सांगितलं होतं. जानेवारी १९७७ मध्ये रे निवृत्त झाले तेव्हा रांगेत पहिले खन्नाच होते. सरकारने त्यांना ओलांडून एम. एच. बेग यांना नेमलं. निवडणुका जाहीर होऊन दहाच दिवस झाले होते, तरी तेवढं काम उरकून घेतलं. खन्नांनीही राजीनामा दिला.

आता १९७८. इंदिराबाई हरलेल्या, जनता पक्षाचं सरकार आलेलं. १९७३ मध्ये डावलले गेलेले हेगडे याच पक्षातर्फे बंगळुरूमधून निवडून येऊन लोकसभेचे अध्यक्ष झालेले. ज्यांनी न्यायाधीशांच्या डावलण्यावर रान उठवलं होतं, ते सत्तेत. आणि फेब्रुवारीत बेग निवृत्त होणार. रांगेत पहिले यशवंत विष्णू चंद्रचूड, पुण्याचे. त्यांच्यामागे पी. एन. भगवती. दोघंही जबलपूर निकालातल्या चौघांपैकी.

मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी आणि नागरिकांनी निवेदन काढलं: ज्यांनी आणीबाणीत नागरिकाचं स्वातंत्र्य वाऱ्यावर सोडलं त्यांना सरन्यायाधीश करू नका. म्हणजे डावला. पाच वर्षांपूर्वी जे अक्षम्य होतं, तेच आता तत्त्व म्हणून मागितलं जात होतं. यात दांभिकपणा होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. माणसं महिनोन्‌महिने तुरुंगात होती. त्यांच्या घरच्यांना न्यायालयाने दारातून परत पाठवलं होतं. मी तेव्हा मुंबईत असते तर त्या निवेदनावर मी सही केली असती, हे मला लपवायचं नाही.

फक्त निवेदनाचा मजकूर आणि कुमारमंगलम यांचं भाषण शेजारी शेजारी ठेवलं की पोटात गोळा येतो. न्यायाधीशाने कोणता निकाल दिला हे बघून त्याला सरन्यायाधीश करायचं की नाही ते ठरवा, हे दोन्हीकडे आहे. कोणता निकाल चांगला, एवढाच फरक.

कायदामंत्री शांतिभूषण आणि सरकारने शेवटी रांग मोडली नाही. २२ फेब्रुवारी १९७८ ला चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि जुलै १९८५ पर्यंत राहिले. इतकी मोठी कारकीर्द त्याआधी किंवा नंतर कोणाच्याच वाट्याला आलेली नाही.

आणि मग १९८० आलं. इंदिराबाई पुन्हा सत्तेवर. न्यायालयासमोर मिनर्व्हा मिल्स खटला. आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला घटना हवी तशी बदलण्याचा अमर्याद अधिकार दिला होता. केशवानंदमध्ये अल्पमतात असलेल्या चंद्रचूडांनीच सरन्यायाधीश म्हणून निकाल लिहिला आणि ती कलमं मूलभूत चौकटीला धक्का लावतात म्हणून रद्द केली. त्यांच्या मतांवरून, त्यांच्या जुन्या निकालांवरून हे कोणाला आधी सांगता आलं असतं? १९७३ च्या सरकारला नाही आणि १९७८ च्या सह्या करणाऱ्यांनाही नाही. जबलपूरचा डाग यामुळे पुसला गेला असं मी म्हणणार नाही. तो तसाच आहे.

रांग ही काही शहाणी गोष्ट नव्हे. जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख यांची ती बेरीज. हुशार माणूस दोन महिन्यांसाठी सरन्यायाधीश होतो, सामान्य माणूस दोन वर्षांसाठी. पण दुसरा रस्ता कसा दिसतो तेही आपण बघितलं आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट मतदान करतं, सगळं उघड. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्या. स्कॅलिया वारले तेव्हा निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून रिपब्लिकन सिनेटने ओबामांच्या उमेदवाराची, मेरिक गारलंड यांची, साधी सुनावणीही घेतली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये न्या. गिन्सबर्ग गेल्या, तेव्हा त्याच पक्षाच्या सिनेटने मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांच्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे मोडायला रांगच नव्हती.

आपल्याकडे १९७७ नंतर सरन्यायाधीशपदाची रांग मोडलेली नाही. १९९३ च्या निकालानंतर नेमणुकांची सूत्रं न्यायाधीशांच्याच हातात गेली. भांडण आता एक पायरी खाली सरकलं आहे: सर्वोच्च न्यायालयात कोण येणार, आणि कधी येणार. कारण यायची तारीखच पुढची रांग ठरवते. एखाद्याची फाइल काही आठवडे टेबलावर पडून राहिली, तर काय होऊ शकतं याचा हिशेब वर ग्रोव्हर आणि रे यांच्या बाबतीत आपण केलाच आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात जबलपूर निकाल चुकीचा होता असं न्यायालयाने म्हटलं. ते लिहिणारे न्यायाधीश धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. ते पुढे रांगेने सरन्यायाधीश झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाले. रांगेत त्यांच्यामागे होते संजीव खन्ना, एच. आर. खन्नांचे पुतणे. काकांचं तैलचित्र सर्वोच्च न्यायालयाच्या कोर्ट क्रमांक दोनमध्ये लावलेलं आहे. पुतण्याने सर्वोच्च न्यायालयातल्या कामाची सुरुवात त्याच दालनात केली होती. सरन्यायाधीश बसतात कोर्ट क्रमांक एकमध्ये.