क्रमांक आणि नाव : यादीतील घटकाकडे जाण्याच्या दोन वाटा

डहाणू किंवा तलासरी तालुक्यातील एखाद्या गावाचा सातबारा उतारा पाहिला, तर त्याच्या शिरोभागी दोन जागा आढळतात : एक भूमापन क्रमांकाची, दुसरी शेताच्या स्थानिक नावाची. शेत एकच, त्याकडे जाण्याच्या वाटा दोन. संगणकाच्या स्क्रिप्ट-भाषांतही घटकाकडे जाण्याच्या दोनच प्रमुख रीती आहेत, आणि त्यांच्यातील भेद या उताऱ्यावरून चांगला उकलतो.

पहिली रीत स्थानाची. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसृत केलेल्या पर्ल भाषेत यादीचा पहिला घटक शून्य या क्रमांकाने मिळतो, कारण क्रमांक म्हणजे येथे आरंभापासूनचे अंतर होय. मोजणी एकापासून धरण्याची सवलत त्या भाषेत होती; २०१९ च्या ५.३० या आवृत्तीत ती संपुष्टात आली. वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. संपूर्ण यादीला एक चिन्ह आणि तिच्यातील एका घटकाला दुसरे चिन्ह लावून त्यांनी ‘ती शेते’ आणि ‘ते शेत’ असा वचनभेदच भाषेत आणला. मात्र स्थान हे अस्थिर असते. पहिला घटक काढून टाकताच उरलेले सारे सरकतात. कालचा तिसरा आज दुसरा होतो.

दुसरी रीत नावाची. १९७७ च्या ऑक भाषेत सर्व सारण्या याच रीतीच्या असून निर्देशांक अंकरूप दिसला तरी तो अक्षरमाला म्हणूनच धरला जातो. एक नाव गळाले म्हणून दुसरे हलत नाही.

भूमापन क्रमांक यांपैकी कोणता? १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी आरंभिलेल्या भूमापनाच्या पद्धतीत क्रमांक ओळीने पडले, म्हणजे जन्माने तो स्थानवाचक. पण ४३ चे विभाजन झाले की ४३/१ आणि ४३/२ होतात. ४४ जागचा हलत नाही. तो अंकाच्या वेषातील नावच होय. भाषाही याला साक्ष देते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या क्रमांकांतून ‘सातबारा’ हा शब्द सिद्ध झाला. ‘बारा’ या संख्यावाचकाचे रूप ‘बारावर’ असे होते, परंतु बोलणारा ‘सातबाऱ्यावर नाव चढले’ असेच म्हणतो. सामान्यरूप आले, म्हणजे संख्या नाम झाली.

पर्लमध्ये नसलेल्या स्थानी घटक मागितला, तर तक्रार न होता केवळ रिक्त मूल्य हाती येते. पायथन भाषा तेथे त्रुटी दाखवून थांबते. गावदप्तर या बाबतीत पर्लच्या जातीचे. वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली झरी येथे एकत्र आलेल्या वारल्यांपैकी बहुतेकांनी कसलेल्या जमिनी धारक म्हणून दुसऱ्यांच्या नावे होत्या. शेतकऱ्याला त्याचे शेत पायवाटेने ठाऊक, दप्तराला क्रमांकाने. कसणाऱ्याचे नाव रकान्यात नसले तरी उतारा पूर्णच दिसे. १९४८ च्या कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ रोजी कुळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले, तेव्हा कुळाच्या रकान्यातील नोंदीला मोल आले. तरीही नावावरून जमिनी शोधण्याचा गाव नमुना आठ-अ हा धारकांचा. कुळ त्यात नसते. किंमत चुकती होऊन नाव धारकाच्या रकान्यात गेले, म्हणजेच त्याचे खाते तेथे उघडते.