फिजिओथेरपी शिक्षण, बेंगळुरू

व्यायाम, हस्तोपचार व विद्युत्-उपचारांच्या साहाय्याने रुग्णाची हालचाल सुधारणाऱ्या भौतिकोपचार व्यवसायासाठी बेंगळुरूत मिळणारे शिक्षण. शहरातील अनेक महाविद्यालये १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. भारतात या शिक्षणाचा पाया मुंबईत, केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या आरंभी घातला गेला. त्यात जागतिक आरोग्य संघटनेचा सहभाग होता.

प्रवेश : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन कर्नाटकातील दोन वर्षांची पीयूसी किंवा तिला समकक्ष बारावी उत्तीर्ण असावे लागते. महाराष्ट्र मंडळातून आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र काढावे लागते.

अभ्यासक्रम : बीपीटी (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) ही पदवी प्रचलित रचनेत चार वर्षे व सहा महिन्यांची आंतरवासिता अशी आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या आराखड्यात आंतरवासिता वर्षभराची असून एकूण कालावधी पाच वर्षांचा होतो. आरंभी शरीररचना व शरीरक्रिया, पुढे व्यायामोपचार व विद्युत्-उपचार, शेवटी अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय-श्वसन यांवरील उपचार असा क्रम असतो. प्रात्यक्षिकाला महत्त्व फार. उदाहरणार्थ, गुडघ्याचा वाक मोजताना गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाचा) मध्य गुडघ्याच्या बाहेरील बाजूस ठेवतात. एक भुजा मांडीच्या, दुसरी पोटरीच्या हाडाच्या रेषेत धरतात. निरोगी गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो. मध्य सरकला की नोंद चुकते आणि रुग्णाची प्रगतीही चुकीची दिसते. स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत नोंदवतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव पूर्ण उचलता आला, पण जादा विरोध पेलला नाही, तर श्रेणी ३.

पदव्युत्तर शिक्षण : एमपीटी (मास्टर ऑफ फिजिओथेरपी) दोन वर्षांची असून अस्थिस्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, बालरोग अशा शाखांत घेता येते. व्यवसायासाठी ती सक्तीची नाही. अध्यापनासाठी मात्र लागते.

नोंदणी : २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने भौतिकोपचाराला देशभर एकच कायदेशीर चौकट दिली आणि राज्य परिषदेकडील नोंदणीची तरतूद केली. महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ च्या कायद्याने, व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची व्यवस्था केली होती. काही महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाने फिजिओथेरपिस्ट होता येत नाही. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची संलग्नता आणि त्या वर्षीचे नियम पाहून घ्यावेत.