कुकरच्या तळाचा पांढरा थर

इतिहासाच्या व्याख्यानमालेत कुकर कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण नांदेड-लातूरकडचा, चार वर्षं वापरलेला स्टीलचा कुकर उघडून आत बघा. पाणी घालतात त्या उंचीवर एक पांढरट रेघ, आणि तळाला खरखरीत थर. आम्ही त्या थराकडे कागदपत्रासारखं बघतो. तो कुठून आला आणि तो काढायचा कसा, हे दोन्ही प्रश्न शेवटी एकच आहेत.

नांदेड गोदावरीच्या काठावर, लातूर मांजरेच्या खोऱ्यात. पूर्वी पाणी नदीचं, आडाचं, बारवेचं. १९७२ च्या दुष्काळात आड आटले आणि काळा खडक फोडून खोल जाणाऱ्या बोअरचं युग आपल्याकडे जोरात सुरू झालं. पुढे देशभर पसरलेला इंडिया मार्क टू हातपंप ज्यातून घडला, त्या पूर्वजांची नावं आहेत सोलापूर पंप आणि जालना पंप. म्हणजे ही गोष्ट आपल्याच अंगणातली आहे. खोल खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. हे जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा क्षार विरघळलेला राहत नाही, भांड्याला चिकटतो. आणि याच पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. लातूर म्हणजे डाळीची केवढी मोठी बाजारपेठ, आणि बोअरच्या पाण्यात डाळ दाद देत नाही! मग कुकरशिवाय इलाज नाही, आणि कुकरमध्ये थर बसल्याशिवाय राहत नाही.

आता घासण्याकडे येऊ. आपल्या आज्यांचं घासणं तांब्या-पितळेसाठी तयार झालेलं होतं: चुलीतली राख, चिंच, नारळाची शेंडी. आतून कल्हई. कल्हईवाला दारात भट्टी मांडायचा, भाता चालवायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकायचं. हा शब्दसुद्धा आता नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो. तिथे चमक वरच्या कथलाची. झिजली की पुन्हा चढवता यायची. म्हणून दणकून घासलं तरी चालायचं.

१९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले ते ॲल्युमिनियमचे. जड पाण्याने ते आतून काळे पडायचे. बायकांनी उपाय काढला: डब्यांखालच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकायची. पुढे स्टीलचा कुकर आला, तरी ही सवय सुटली नाही. आणि बरं झालं सुटली नाही! स्टील काळं पडत नाही, पण तीच आंबट साल आता क्षाराला तळाशी बसू देत नाही. कारण बदललं, उपाय तोच राहिला. स्वयंपाकघराच्या इतिहासात असं वारंवार दिसतं, आणि त्याचं श्रेय कुणाच्या नावावर लागत नाही.

स्टीलची चमक मात्र धातूतच असते. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा न दिसणारा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तर तो आपोआप भरून येतो. त्याला खरी बाधा मिठाची. थंड पाण्यात मीठ टाकून तसंच ठेवलं की तळाला टिंबांसारखे खड्डे पडतात, आणि ते जन्मात भरत नाहीत. मीठ उकळत्या पाण्यात घालावं आणि खारट आमटी कुकरमध्ये रात्रभर ठेवू नये. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे कण राहतात आणि तेच गंजतात.

तर मग थर काढायचा कसा? घासून नाही, विरघळवून. थर बुडेल इतकंच पाणी, त्यात चिंच, लिंबाच्या साली किंवा थोडं व्हिनेगर. झाकण न लावता दहा मिनिटं उकळायचं, गार होईपर्यंत ठेवायचं. बारीक बुडबुडे येतात, तो थर सुटत असल्याचा पुरावा. नंतर मऊ घासणी पुरते. यात पाणी कमी लागतं, आणि हे आपल्याकडे महत्त्वाचं आहे. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. ज्या शहराने पिण्याचं पाणी सव्वातीनशेहून जास्त किलोमीटरवरून येताना पाहिलं, तिथे भांडी कशी घासायची हा किरकोळ प्रश्न नाही. टंचाईत डब्यांखालचं पाणी फेकवत नाही, तेच दोन-तीन दिवस चालवलं जातं. दर वेळी त्यातलं थोडं वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतो, आणि थर आणखी जाड होतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती चमकेपेक्षा मोठी आहे. दनी पापाँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला वाफेवर शिजवणारं बंद भांडं दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्याला जादा वाफ सोडणारी झडप बसवली. आपल्या झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह तिचाच वंशज. डाळीचा फेस वर चढतो आणि शिट्टीखालच्या नळीत वाळून बसतो. म्हणून झाकण धुतलं की रिंग काढून वेगळी वाळवावी, आणि नळी उजेडाकडे धरून पलीकडचं दिसतंय का ते बघावं. दिसत नसेल तर काडीने मोकळी करून, पाणी आरपार जातंय याची खात्री करूनच कुकर चढवायचा. आणि सेफ्टी वॉल्व्ह एकदा उडाला तर त्या भोकात दुसरं काही ठोकून बसवायचं नाही. त्याच मापाचा नवा आणायचा.