युद्धपूर्व काळातील खारपट्टी : कामोठे व कुलाबा जिल्ह्यातील कुळे (१९३७–१९३९)

३ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान ओढला गेला, तेव्हा नारळी पौर्णिमेला आठवडाही उलटला नव्हता. पनवेलच्या खाडीकाठी कामोठ्यासारख्या आगरी-कोळी वस्तीच्या गावांत खाचरे भाताने हिरवी झाली होती. त्याआधीच्या काळास ‘युद्धपूर्व शांतता’ म्हणता येईल. या शांततेचा अर्थ खारपट्टीतील कुळांच्या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

खारजमीन ही निसर्गदत्त नव्हे, श्रमाने निर्माण केलेली जमीन होय. खाजणाभोवती चिखलमातीचा बांध घालावयाचा आणि त्यात उघाडी बसवावयाची. ओहोटीस तिच्यातून पावसाचे पाणी बाहेर जाई. भरतीस खाडीच्या दाबानेच ती मिटे. खाऱ्या चिखलात नांगरट न करता मोड आलेले बियाणे फेकीत. बांधास खांड पडले की खारे पाणी आत शिरे आणि पुढील काही हंगाम वाया जात. म्हणून बांधाची राखण हे साऱ्या गावाचे काम असे. मात्र ज्यांच्या श्रमावर बांध उभा राही, त्यांचा जमिनीवर हक्क बहुधा नसे. पिकाचा मोठा वाटा खोताच्या वा सावकाराच्या खळ्यात जाई. त्यातच जागतिक मंदीने भाताचे भाव कोसळले होते.

या परिस्थितीतूनच अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप सुरू झाला. कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. लाकूडफाटा विकून, मासळी धरून त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. डॉ. आंबेडकरांनी १९३४ साली चरीस येऊन त्यांना पाठिंबा दिला, १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खेर मंत्रिमंडळातील महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातल्यानंतर १९३९ साली संप मिटला. त्याच वर्षीच्या मुंबई कूळकायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास संरक्षित कूळ मानले.

सारांश, ज्यास शांततेचा काळ म्हटले जाते तो कुळांच्या दृष्टीने लढ्याचा काळ होता, आणि तो फलद्रूप होण्याच्या बेतात असतानाच युद्ध आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कायदा सर्व प्रांतास लागू होण्यास १९४६ साल उजाडले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. भातास भाव आला खरा. परंतु ज्याच्या घरी खंड भरून विकण्याजोगे भात उरत नसे, त्या कुळास त्या भावाचा लाभ कितीसा होणार?

कसणाऱ्यास मालकी देणारा कृषकदिन १ एप्रिल १९५७ रोजी उगवला. पुढे १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी कामोठ्याची शेतजमीनही संपादनात गेली. आज तेथे इमारतींची नगरवसाहत आहे. पिढ्यान्‌पिढ्या बांध राखून मिळविलेली मालकी या कुटुंबांकडे फार काळ राहिली नाही. खारपट्टीच्या इतिहासात युद्ध व शांतता यांच्या तारखांइतकेच महत्त्व बांधाच्या व मालकीच्या तारखांस दिले पाहिजे, ते याचसाठी.