घोडा, सायकल आणि चाऱ्याचा हिशेब

१४ जून १८९७. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील फोर्ट मिसूला या लष्करी तळावरून वीस कृष्णवर्णीय सैनिक सायकलींवर निघाले. गाठायचे होते सेंट लुई. अंतर सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून अधिक. आज अमेरिकेतील शिकारी आणि रँचवाले ज्या स्वस्त विद्युत सायकलींवरून माळराने तुडवतात, त्यांची पूर्वकथा सांगायची तर सुरुवात या २५ व्या पायदळ रेजिमेंटच्या सायकल तुकडीपासून करावी, असे मला वाटते.

तुकडीचा प्रमुख होता लेफ्टनंट जेम्स मॉस. त्याचे म्हणणे साधे होते. सायकलीला दाणावैरण लागत नाही, ती आवाज करत नाही, धूळ फारशी उडवत नाही आणि लपवायलाही सोपी. आजचा शिकारी विद्युत सायकलीची तरफदारी करताना जवळपास हेच मुद्दे मांडतो!

पण वाट सोपी नव्हती. पाऊस, चिखल, खारट पाण्याने बिघडलेली पोटे. आणि सर्वांत वाईट म्हणजे नेब्रास्काची वाळू. अरुंद चाके तीत रुतत. शेवटी रेल्वेमार्गाचा आश्रय घेऊन, लाकडी स्लीपरांवरून हादरे खात सैनिक पुढे सरकले. २४ जुलैला, ४१ व्या दिवशी, ते सेंट लुईला पोहोचले. पुढल्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटले, रेजिमेंट क्यूबाला गेली आणि प्रयोग तिथेच संपला.

गंमत अशी की, वाळूवरचा अर्धा उपाय तोवर कागदावर आला होता. ३१ डिसेंबर १८९५ रोजी ओहायोच्या ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकाच्या तुंब्यातच विद्युत मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट मिळाले. आजच्या कित्येक स्वस्त विद्युत सायकलींची मोटर तिथेच असते. अडचण बॅटरीची होती. शिशाची जड बॅटरी वाहून नेणार कोण? परिणामी विसाव्या शतकात रँचवर पेट्रोल आले : जीप, पिकअप, मग चारचाकी एटीव्ही.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे ती स्वस्त होत गेली, चार इंच रुंदीचे टायर आले आणि मॉसच्या सैनिकांना अडवणारी वाळू ओलांडण्याजोगी झाली. घोडा वर्षातून दोन आठवडे लागत असला, तरी बारा महिने खातो. एटीव्ही महाग आणि गोंगाटी. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, त्याला कुंपणाची पाहणी करायला किंवा पहाटे रानात शिरायला ही सायकल परवडते. मर्यादाही आहेतच. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि तीनशे किलोंचा एल्क (तिकडचे मोठे हरीण) मारला, तर मांस खेपा घालूनच आणावे लागते.

(आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्नच निकालात काढला आहे. अमेरिकेत मात्र परवानाधारक शिकार कायदेशीर आहे आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीव संवर्धनाला जातो.)

खरा झगडा वेगळाच आहे : ही सायकल की मोटरवाहन? २००२ च्या संघीय कायद्याने ७५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, पॅडल असलेल्या मंद सायकलींना ग्राहक-सुरक्षेच्या नियमांपुरते सायकल मानले. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने (तिकडे या खात्याकडे सार्वजनिक जमिनी असतात) साध्या सायकलींच्या वाटा त्यांनाही खुल्या करण्याचा आदेश काढला. पायी जाणारे शिकारी नाराज झाले. दिवसभर चालून मिळणारा एकांत कुणीतरी तासाभरात गाठणार, ही त्यांची तक्रार. मला ती निव्वळ मत्सराची वाटत नाही. ओरेगनमधील स्टार्की प्रायोगिक अरण्यातील अभ्यासात एल्क एटीव्हीपासून सर्वाधिक दूर राहताना दिसले. पण सायकलस्वारांनाही त्यांनी टाळलेच. मॉसला शांतता म्हणजे अदृश्यता वाटली असेल. हरणांना तसे वाटत नाही.

आणि १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने राखलेल्या भूमीत तर यांत्रिक वाहतुकीलाच मज्जाव आहे. तिथे घोडा आजही जातो. सायकल, विजेची असो वा निव्वळ पायांची, हद्दीबाहेरच ठेवावी लागते.