उंबरठा, समतल
घरातील जमीन व बाहेरील फरसबंदी एका पातळीत आणणारा उंबरठा. इंग्लंडमध्ये १८७७ च्या आदर्श उपविधींनंतर भिंतींत ओलरोधक थर घालण्याचा प्रसार झाला. पुढे हा थर बाहेरील जमिनीपासून किमान १५० मिमी. उंच ठेवण्याचा दंडक रूढ झाला व दारापाशी पायरी आली. चाकांच्या खुर्चीला ती अडसर ठरे. १९९९ मध्ये इमारत नियमांनी नव्या घरांच्या मुख्य प्रवेशाला सामान्यतः सुगम उंबरठा आवश्यक केला. त्यात कमाल १५ मिमी. उंचवटा चालतो. पायरीचे काम आता निचऱ्याकडे आले : दारालगत जाळीची पन्हळ, बाहेर उतरती फरसबंदी आणि उंबरठ्यामागे वर वळवून ओलरोधक थराला जोडलेला जलाभेद्य पडदा. अंगणाकडील सरकत्या दारांनाही हीच रचना करतात. पन्हळ तुंबल्यास पाणी घरात शिरू शकते. म्हणून तिची नियमित सफाई अत्यावश्यक असते.