हेरेरो बाहुलीचा पायघोळ झगा

नामिबियातील विंडहूक आणि ओकाहांजा या शहरांच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या कापडी हेरेरो बाहुल्यांच्या अंगावरचा पायघोळ झगा मूळचा युरोपीय असला, तरी हेरेरो स्त्रियांनी तो पूर्णपणे आपलासा केला आहे.

पशुपालक हेरेरो समाजातील स्त्रिया पूर्वी कातड्याची वस्त्रे नेसत आणि विवाहित स्त्रिया ‘एकोरी’ हे तीन उभ्या टोकांचे चामडी शिरोभूषण घालीत. १८४०च्या दशकात जर्मन ऱ्हेनिश मिशनचे धर्मप्रचारक तेथे स्थिरावले. उघडे अंग त्यांना पापासमान वाटे, आणि त्यांच्या पत्नींनी शिवणकाम शिकवल्यामुळे गळाबंद, फुगीर बाह्यांचा, अनेक परकरांवर चढवायचा झगा हळूहळू रूढ झाला.

१८८४ मध्ये हा प्रदेश जर्मन वसाहत बनला. जानेवारी १९०४ मध्ये हेरेरोंनी उठाव केला, तेव्हा सेनापती लोथार फॉन ट्रोथा याने त्यांच्या संहाराचा हुकूम काढला आणि हजारो माणसे ओमाहेकेच्या वाळवंटात पाण्यावाचून, तर उरलेली अनेक छळछावण्यांत मेली. एवढ्या अत्याचारानंतर जेत्यांकडून आलेला पोशाख टाकून देणे स्वाभाविक ठरले असते. पण विखुरलेल्या समाजाने तोच आपल्या एकत्वाची खूण म्हणून जपला. नेता सॅम्युएल महारेरो याचे शव ऑगस्ट १९२३ मध्ये ओकाहांजाला आणून पुरण्यात आले, आणि तेथे दरवर्षी भरणाऱ्या स्मरणसोहळ्यात स्त्रिया आपल्या गटाच्या निशाणाप्रमाणे लाल, हिरव्या वा पांढऱ्या रंगाचे झगे घालतात.

मिशनऱ्यांनी न शिकवलेली गोष्ट मात्र डोक्यावर आहे. ‘ओच्छिकाइवा’ या आडव्या, दोन्ही बाजूंना निमुळत्या होत गेलेल्या शिरोवस्त्राचा आकार गाईच्या शिंगांचा मानला जातो, कारण गोधन हाच हेरेरोंच्या प्रतिष्ठेचा आधार होता. वीतभर बाहुलीतही कारागीर स्त्री हे शिरोवस्त्र घट्ट भरून ताठ बसवते, कंबरेखाली घेर फुलवते आणि शिवणकामातून उरलेल्या चिंध्या जोडून झग्याला ठिगळांची नक्षी देते. अशा बाहुलीला केवळ पर्यटकांची वस्तू म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ती पोशाखाची चालती नोंद ठेवते.

याच बाजारांत हिंबा बाहुल्याही मिळतात. हेरेरोंचीच भाषा बोलणाऱ्या, उत्तरेकडील रुक्ष प्रदेशात राहिलेल्या हिंबा स्त्रियांनी कातड्याची वस्त्रे आणि अंगाला लोणी व तांबडी माती चोळण्याची रीत सोडली नाही; त्यामुळे एका कुळाच्या दोन शाखांचे दोन पेहराव एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले आढळतात.